चेहऱ्याला जरा सुट्टी द्या

“काकू, तुम्हीच तर या क्रीमचं नाव सांगितलं होतं ना?”

गेल्या वर्षी होळीच्या सुमारास माझ्या पुतणीने मला हे विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती फक्त ओढणी बाजूला करून माझ्यासमोर बसली होती. दोन्ही गाल लालबुंद, हनुवटीवर पुळ्यांचा थर, ओठांच्या कडेची लव दाट झालेली. उजेडात नीट पाहिलं तर गालांवर दोऱ्यासारख्या बारीक लाल शिरा दिसत होत्या. “साधं पाणी लावलं तरी चुरचुरतं काकू, आणि क्रीम लावलं नाही तर रात्रभर आग होते,” ती म्हणाली. वय वर्षं तेवीस. आणि पंधरा दिवसांनी तिला पाहायला पाहुणे येणार होते.

मैत्रिणींनो, या सदरात मी आजवर बचत गटांबद्दल लिहिलं, हुंड्याबद्दल लिहिलं, दुसऱ्यांच्या चुकांवर बोट ठेवलं. आज मात्र स्वतःचीच चूक सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

त्याचं असं झालं. चाळिशी ओलांडल्यावर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. मुलांचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण, गटाच्या मीटिंगा, या धावपळीत आरशाकडे फारसं लक्ष नसतं. पण हळदीकुंकवाला कुणीतरी विचारतंच, “अगंबाई, चेहऱ्याला काय झालं?” भजनी मंडळातल्या एकीने एका क्रीमचं नाव सांगितलं. मेडिकलवाल्याने नाव ऐकल्याबरोबर ट्यूब काढून दिली. चिठ्ठी मागितली नाही, काही विचारलं नाही. तीन आठवड्यांत चेहरा असा उजळला की शेजारीपाजारी विचारू लागले. मला काय, आनंद पोटात मावेना! गटाच्या मीटिंगमध्ये सहा-सात जणींनी ट्यूबचं नाव लिहून घेतलं. दिवाळीत पुतणी आली, तिच्या कपाळावर चार पुटकुळ्या होत्या. मी तिलाही म्हटलं, “हे लाव, बघ कसा फरक पडतो.”

फरक पडला. आधी चांगला आणि मग असा.

माझाही चेहरा तोवर कुरकुर करायला लागला होताच. क्रीम दोन दिवस बंद केलं की गाल तापायचे, भाजी फोडणीला टाकताना तर चेहऱ्यावर निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. पण मी त्याचा दोष क्रीमला दिलाच नाही. उन्हाला दिला, वयाला दिला, मसाल्याला दिला. आणि आग शमवायला एकेक वस्तू वाढवत गेले. कुणी म्हणालं कोरफड लाव, कुणी म्हणालं मुलतानी माती. पार्लरमधून फेशियल करून आले. वाफ घेतली. बेसन आणि लिंबाचा लेप लावला. गुलाबपाणी, नाइट क्रीम, काकडीचा फेसवॉश. आगीतून फुफाट्यात म्हणतात ना, तसं झालं.

शेवटी आम्ही दोघी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. इथेही एक गंमत, खरं तर खंत सांगते. सरकारी दवाखान्यात या विभागावर ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ अशी पाटी असते. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, “लग्नाची पोर त्या रांगेत उभी राहिलेली कुणी पाहिली तर काय म्हणतील?” एका पाटीपायी किती बायका त्या दारातून मागे फिरत असतील कोण जाणे. आम्ही खासगी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, “चेहऱ्याला जे जे लावता ते सगळं पिशवीत घालून घेऊन या.”

पिशवी टेबलावर रिकामी झाली तेव्हा मलाच लाज वाटली. दोघींच्या मिळून तेरा वस्तू निघाल्या! डॉक्टरीणबाईंनी एकेक उचलून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि डाव्या हाताला ठेवत गेल्या. उजव्या हाताला काय उरतं म्हणून मी पाहत होते. काहीच उरलं नाही.

मग त्यांनी ती ट्यूब हातात घेतली आणि समजावून सांगितलं. मला जेवढं कळलं तेवढं तुम्हाला सांगते.

माझ्या ट्यूबमध्ये तीन औषधांचं मिश्रण होतं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि तिसरं स्टेरॉईड. असं तिहेरी मिश्रण १९७५ साली क्लिगमन आणि विलिस या अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांनी मांडलं. ते खोटं औषध नाही, वांगावर डॉक्टर आजही देतात. पण मोजून काही आठवडे, आणि लक्ष ठेवून. ते रोजची पावडर-क्रीम नव्हे. स्टेरॉईडचं मलम १९५२ पासून त्वचेसाठी वापरात आहे आणि इसब, सोरायसिस यांसारख्या आजारांत त्याने असंख्य लोकांना आराम दिला आहे. म्हणजे दोष औषधाचा नाही. चुकीच्या जागी, चुकीच्या कारणासाठी, महिनोन्‌महिने लावण्याचा आहे.

स्टेरॉईड त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आवळतं. त्यामुळे लाली जाते, सूज दबते आणि रंग उजळल्यासारखा दिसतो. आपल्याला वाटतं गुण आला. पण रोज लावत राहिलं की त्वचा पातळ होते, बारीक शिरा वर दिसू लागतात, पुळ्या येतात, लव वाढते. आणि मलम थांबवलं की आवळलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात. चेहरा लाल होतो, आग होते. मग बाई घाबरून पुन्हा तेच मलम लावते. तंबाखूची सवय लागावी तशी चेहऱ्याला मलमाची सवय लागते. आपल्याकडच्या त्वचातज्ज्ञांनी या अवस्थेला नावच दिलं आहे, टॉपिकल स्टेरॉईड डॅमेज्ड फेस, म्हणजे स्टेरॉईडच्या मलमाने बिघडलेला चेहरा.

हे आमच्या दोघींपुरतं असतं तर मी लिहिलंही नसतं. २०११ साली भारतातल्या १२ ठिकाणच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागांचा मिळून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉईड लावत होते. म्हणजे दर सात जणांमागे एक! आणि त्यातल्या सुमारे ५९ टक्के लोकांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. हे ‘डॉक्टर नसलेलं कुणीतरी’ म्हणजे कोण? मैत्रीण, शेजारीण, पार्लरवाली, मेडिकलवाला. आणि हो, माझ्यासारखी काकू.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला जो उपाय दिला तो ऐकून माझ्या जाऊबाई नाराजच झाल्या. इतक्या लांब येऊन, एवढी फी भरून, हातात काय? तर ‘लावू नका’ची यादी! एखादं महागडं इंजेक्शन लिहून दिलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण उपाय तोच होता. त्या म्हणाल्या, “जखमेवर रोज कुणी खपली काढून नवीन लेप लावला तर ती भरेल का? तुमच्या चेहऱ्याला सध्या औषधापेक्षा सुट्टीची गरज आहे.”

त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. विटांच्या भिंतीसारखी त्याची रचना असते, विटा म्हणजे पेशी आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे नैसर्गिक स्निग्ध पदार्थ. ही भिंत पाणी आत धरून ठेवते आणि धूळ, जंतू बाहेर थोपवते. आपण घासतो, सोलतो, तिखट फेसाने धुतो, तेव्हा मधला चुना निघून जातो. मग साधं पाणीही आत झोंबतं. वरची त्वचा पूर्ण नवी व्हायला साधारण चार आठवडे लागतात. म्हणून आज लावलं आणि परवा बदललं, असं करणाऱ्या चेहऱ्याला सावरायला वेळच मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाजारातल्या वस्तूंचं ठीक आहे, पण घरच्या वस्तूंनी काय होणार? मलाही तसंच वाटायचं. पण घरचं म्हणजे सौम्यच असं नसतं. मिरचीही घरचीच की! आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण ५ असतो. लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास असतो, आणि अंगाच्या साध्या साबणाचा ९ ते १०. एकाने आंबवायचं, दुसऱ्याने खारवायचं, मध्ये बिचारी त्वचा. शिवाय लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात. बेसन किंवा डाळीचं पीठ खरखरीत घासलं की पुळ्या फुटतात आणि डाग मागे राहतात. पुटकुळीवर टूथपेस्ट लावायची सवय आपल्याकडे फार, तिनेही त्वचा जळते. खोबरेल तेल केसांना उत्तमच, पण पुटकुळ्यांच्या चेहऱ्यावर ते चोळलं तर रंध्रं बंद होतात. वाफेने तर तापलेला चेहरा आणखी तापतो.

आणखी एक गोष्ट मला नव्याने कळली. आपल्या गव्हाळ-सावळ्या कांतीवर सूज नेहमी लाल दिसत नाही. ती काळपट किंवा जांभळट दिसते. आपण तिला ‘रंग दबला’ म्हणतो आणि गोरं करायच्या मागे लागतो. खरं म्हणजे ती त्वचा आजारी असते. उन्हाने, चुलीच्या धगीने, गरम चहाने गाल तापतात आणि आग होते, तो रोझेशिया असू शकतो. नाकाच्या कडांना, भुवयांत खपल्या धरतात, तो कोंड्याचाच भाऊबंद असतो. तोंडाभोवती बारीक पुळ्यांची झालर येते, ती बरेचदा स्टेरॉईडच्या क्रीममुळेच. टिकलीच्या जागी खाज येते किंवा पांढरा डाग पडतो, तो टिकलीच्या गोंदाचा प्रताप असू शकतो. बाहेरून सगळं ‘चेहरा खराब झाला’ एवढंच दिसतं, पण प्रत्येकाचं कारण वेगळं, औषध वेगळं. म्हणून एकीचं क्रीम दुसरीला चालत नाही. एक गोष्ट मात्र सगळ्यांना सारखी लागू पडते. चेहरा चिडलेला असताना त्याला कमीत कमी गोष्टी लावाव्यात.

आम्हाला दिलेला दिनक्रम अगदी छोटा होता. सकाळी चेहऱ्यावर साध्या पाण्याचे हबके. गरम पाणी नाही, बर्फही नाही. मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. चेहरा ओलसर असतानाच साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर. बाहेर जायचं असेल तर सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा अधिक. दोन बोटांच्या लांबीइतकं चेहऱ्याला आणि मानेला पुरतं. संध्याकाळी एकदाच, फेस न होणाऱ्या सौम्य क्लेन्झरने धुवायचं आणि पुन्हा तेच मॉइश्चरायझर. बस्स! क्लेन्झर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. तेरा वस्तूंच्या जागी तीन.

सनस्क्रीन परवडत नसेल किंवा झोंबत असेल तर छत्री आहे, पदर आहे, सुती स्कार्फ आहे. शेतावर जाणाऱ्या आपल्या बहिणी पिढ्यान्‌पिढ्या डोकं-चेहरा बांधूनच जातात, ते काही उगाच नाही. फक्त तो स्कार्फ रोज धुतलेला हवा. स्कूटीवरच्या मुली आठवडाभर एकच स्कार्फ घामासकट बांधतात आणि मग गालांवर पुळ्या का, म्हणून विचारतात. घरात सगळ्यांचा मिळून एक टॉवेल असेल तर आपला वेगळा करावा. उशीचा अभ्रा दर दोन-चार दिवसांनी बदलावा. रात्री तेल लावून झोपायचं असेल तर कपाळ पुसून, केस बांधून झोपावं. या सगळ्याला काही खर्च येत नाही.

महिना-दीड महिन्याने चेहरा शांत झाला की हवं तर एकच नवीन वस्तू आणावी. ती आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून पाहावी. दोन वस्तू एकदम सुरू केल्या तर भांडण कुणी लावलं ते कळत नाही, घरातल्यासारखंच!

हे वाचून कुणी असा समज मात्र करून घेऊ नका की सगळं बंद केलं की सगळं बरं होतं. मुरुमांना औषध लागतं आणि त्याचा गुण यायला दोन-तीन महिने जातात. वांगालाही उपचार लागतात. गरोदर असाल किंवा दिवस जायची शक्यता असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा, कारण चेहऱ्याची काही औषधं त्या काळात चालत नाहीत. गालांवर पुरळ येऊन सांधे दुखत असतील, ताप येत असेल, डोळे लाल होत असतील तर घरी थांबू नका. चेहऱ्यावर फिकट चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर सरळ सरकारी दवाखाना गाठा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध तिथे मोफत मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्टेरॉईडचं क्रीम बरेच महिने लावलं असेल तर आजचा लेख वाचून उद्या आपल्या मनाने फेकून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. कुणाला ते टप्प्याटप्प्याने कमी करावं लागतं, कुणाला जोडीला गोळ्या लागतात.

कारण मधला काळ कठीण असतो. आमचाही होता. पहिले दोन आठवडे पुतणीचा चेहरा आधीपेक्षा वाईट झाला. सुजला, पाझरला, खपल्या धरल्या. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं म्हणून धीर धरला. नाहीतर तिने पुन्हा ती ट्यूब उघडलीच असती. रात्री ती फोन करायची, “काकू, सहन होत नाही.” मी म्हणायची, “थंड पाण्यात भिजवलेलं सुती कापड ठेव आणि झोप.” दुसरं काय सांगणार होते? तोपर्यंत मी सांगितलेल्या गोष्टींचं फळ तीच भोगत होती.

आणि त्यातच पाहुण्यांचा दिवस. जाऊबाईंचं म्हणणं, एक दिवस क्रीम लावू दे, वरून फाउंडेशन थापू, कार्यक्रम पार पडला की पुन्हा बंद कर. मी आडवी आले. म्हटलं, तारीख पुढे ढकला किंवा आहे त्या चेहऱ्याने बसू दे. घरात वादळ झालं. “आधी तुम्हीच लावायला सांगितलंत, आता तुम्हीच नको म्हणता!” जाऊबाई म्हणाल्या, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. शेवटी पुतणीच म्हणाली, “मी फाउंडेशन लावणार नाही. आग होते.” तारीख पुढे गेली. पाहुण्यांनी नंतर निरोपच पाठवला नाही. ते स्थळ गेलं. जाऊबाई दोन महिने माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

सहाव्या आठवड्यात पुतणी म्हणाली, “काकू, आज पाणी झोंबलं नाही.” एवढंच वाक्य. पण मी ते ऐकून स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. गणपतीपर्यंत पुळ्या जवळजवळ गेल्या. थोडे काळे डाग आहेत, गालांवरच्या एक-दोन शिरा अजून दिसतात. माझे वांग तर आहेत तिथेच आहेत, जरा फिके झाले एवढंच. पण फोडणी घालताना आता चेहरा पेटत नाही. चाळिशीनंतर मला एवढं पुरे आहे.

आता जरा व्यवस्थेबद्दल. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉईड मलमांना असलेली सवलत काढून ती शेड्यूल एच मध्ये आणली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. खोक्यावर तसा इशारा छापलेला असतो. तरी मला ती मागितल्याबरोबर मिळाली. का मिळाली? कारण काउंटरच्या अलीकडे उभी असलेली मी चिठ्ठी नसताना ती मागत होते. मेडिकलवाल्याने नियम पाळावा ही मागणी आपण करायलाच हवी, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारही करता येते. पण आधी आपण मागणं थांबवू या.

ट्यूब विकत घेतली असेल तर मागचं नाव वाचा, किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. बीटामेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉईड. नावाच्या शेवटी ‘कोनाझोल’ असेल तर ते बुरशीवरचं औषध, ते वेगळं. पण गजकर्णाच्या कित्येक मलमांत दोन्ही एकत्र असतात, म्हणून पूर्ण ओळ वाचा. आणि ज्या डबीवर काहीच लिहिलेलं नाही, ‘पार्लरचा खास फॉर्म्युला’ म्हणून मिळते, ती तर हातातही धरू नका. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना गोरं करणाऱ्या क्रीममुळे इजा झाल्याचं २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आलं होतं. तपासात त्या क्रीममध्ये पारा सापडला होता. चेहऱ्याला लावलेलं चेहऱ्यापुरतंच राहतं असं नाही, हे त्यातून कळतं.

पण याच्याही मागे एक गोष्ट आहे, आणि ती ट्यूबमध्ये नाही. ‘अगंबाई, चेहऱ्याला काय झालं?’ हा प्रश्न आपण ज्या सहजतेने विचारतो ना, तिथे हे सगळं सुरू होतं. बाईच्या चेहऱ्यावर डाग दिसला की प्रत्येकीकडे एक सल्ला तयार असतो. मुलीला पाहायला आलेले लोक शिक्षण नंतर विचारतात, रंग आधी पाहतात. आणि ते पाहणाऱ्यांत पुढे कोण असतं? मुलाची आई, आत्या, मावशी. आपणच. एकीने प्रश्न विचारायचा, दुसरीने ट्यूब सुचवायची आणि तिसरीने रात्रभर आग सोसायची. हे थांबवायचं तर सुरुवात आपल्यापासूनच व्हायला हवी.

ज्या सहा-सात जणींनी माझ्याकडून नाव लिहून घेतलं होतं, त्यांच्या घरी मी एकेक करून गेले. कानकोंडं झालं, पण गेले. दोघींनी कधीच बंद केलं होतं. एक म्हणाली, “मला तर काहीच त्रास नाही.” तिला मी ट्यूबचं खोकं वाचून दाखवलं आणि डॉक्टरांना दाखव म्हटलं. दोघींना त्रास सुरू झाला होता, त्यांना घेऊन मी स्वतः सरकारी दवाखान्यात गेले, त्याच पाटीखाली, त्याच रांगेत. कुणी पाहिलं असेल तर पाहू दे. बाकीच्यांशी अजून बोलणं चालू आहे.

यंदा संक्रांतीला मी वाण म्हणून प्रत्येकीला एक मऊ सुती रुमाल दिला, फक्त चेहरा टिपायला, स्वतःचा स्वतंत्र. आणि हळदीकुंकवाला येताना आपापल्या घरातल्या क्रीमच्या ट्यूबा आणायला सांगितल्या. तिळगूळ वाटून झाल्यावर आम्ही सतरंजीवर बसून त्यांची मागची बाजू वाचली. वाचायला पुतणी होती. तिने चेहऱ्याला काही लावलं नव्हतं.

तुम्हीही येत्या रविवारी एक काम करा. आरशासमोरच्या सगळ्या वस्तू एका पिशवीत भरा. एकेक काढून वाचा. आणि चेहरा कुरकुर करत असेल तर ती पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा, दुसऱ्या दुकानात नको.